‘आय’चं बटण दाबण्याआधी : गॅरामाँड इटॅलिक ओळखायचा कसा, वापरायचा कुठे

वर्डमध्ये वरच्या पट्टीवर बी, आय आणि यू अशी तीन बटणं शेजारी शेजारी असतात. बी आणि यू काय करतात हे पहिल्याच दिवशी कळतं. आय मात्र वर्षानुवर्षं गंडवत राहतं, कारण ते दोन अगदी वेगळी कामं करतं आणि आत्ता त्यातलं कुठलं केलं ते सांगत नाही. फॉन्टसोबत इटॅलिकची स्वतंत्र फाइल असेल तर ती अक्षरं आणून ठेवतं. नसेल, तर आहेत तीच सरळ अक्षरं उजवीकडे कलती करून मोकळं होतं. पत्त्यांची गड्डी तळाशी धरून वरून सरकवावी, तशी. पहिल्याला इटॅलिक म्हणायचं. दुसऱ्याला मी ‘ढकललेलं’ म्हणतो, आणि या लेखातही तेच म्हणणार आहे.

अक्षरजुळणीत नव्याने आलेले, दिवाळी अंकाची पानं लावणारे, प्रबंध स्वतःच टाइप करणारे किंवा संस्थेची वेबसाइट अंगावर पडलेले लोक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. शिकायला एकच टाइप घेऊ : ईबी गॅरामाँडचा इटॅलिक. तो फुकट आहे, त्याचं घराणं चारशे वर्षांहून जुनं आहे आणि खरा इटॅलिक म्हणजे काय ते त्याच्या अक्षरांत लख्ख दिसतं.

पायरी १ : फाइल आणा, आणि दुसरी फाइलही आणा

गूगल फॉन्ट्सवर ‘ईबी गॅरामाँड’ शोधा आणि उतरवून घ्या. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे पुस्तक छापून विकलंत, वेबसाइटवर लावलात, पत्रिकेत वापरलात तरी कोणी पैसे मागायला येत नाही. झिप उघडली की एक गोष्ट बघा : सरळ अक्षरांची फाइल वेगळी, इटॅलिकची वेगळी. दुसरीच्या नावातच इटॅलिक असतं. दोन्ही इन्स्टॉल करा.

हे इतकं बजावून सांगायचं कारण म्हणजे मी स्वतः यात पडलो आहे. एका वनस्पती-भटकंतीसाठी चौपानी माहितीपत्रक केलं होतं. घरच्या संगणकावर दोन्ही फायली होत्या. छपाईला द्यायच्या दिवशी शेवटच्या दुरुस्त्या दुसरीकडे बसून केल्या, तिथे सरळचीच होती. संगणकाने काही तक्रार केली नाही, सगळी शास्त्रीय नावं निमूट ढकलून दिली. पाचशे प्रती छापून आल्यावर वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या एका बाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “अक्षरं वाऱ्यात उभी असल्यासारखी का दिसतायत?” त्यांना टाइपातलं काही कळत नव्हतं. दिसलं मात्र बरोबर.

वेबसाइटवर हीच चूक दुसऱ्या वाटेने येते. फॉन्ट निवडताना इटॅलिकवर खूण करायची राहते आणि ब्राउझर आपल्या अकलेने ढकलतो. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत फॉन्ट-सिंथेसिस नावाचा गुणधर्म आहे, त्याला ‘नन’ दिलंत की हे ढकलणं बंद होतं. मग इटॅलिकची फाइल नसेल तर अक्षरं सरळच दिसतात आणि चूक लगेच लक्षात येते.

आणखी एक. ऑफिससोबत येणारा जो ‘गॅरामाँड’ आहे, त्याचं कूळ वेगळं. त्याचा मूळ नमुना ज्यां जानों या सेदां गावच्या मुद्रकाचा, म्हणजे ज्याचं नाव या टाइपाला आहे तो ठसे कोरणारा क्लोद गारामाँ वारल्यानंतर पन्नासेक वर्षांनी घडलेला. लोक ती अक्षरं गारामाँचीच समजत होते. १९२६मध्ये बिआट्रिस वॉर्ड या अभ्यासक बाईंनी पुरुषाचं टोपणनाव घेऊन लेख लिहिला आणि गैरसमज दूर केला. तो टाइप वाईट नाही, पण दोन्ही एकाच पुस्तकात मिसळू नका.

पायरी २ : बहात्तर पॉइंटात पाच अक्षरं

नवीन पान उघडा. बहात्तर पॉइंट करा. छोट्या लिपीतले ए, ई, एफ, एन आणि अँडची खूण, एवढंच टाइप करा. एक ओळ सरळ, तिच्याखाली तीच ओळ इटॅलिकमध्ये. आता घाई न करता बघा.

सरळ टाइपातला ए दुमजली असतो. खाली पोट आणि वर वळलेली कमान. इटॅलिकमध्ये वरचा मजला गेला, ए एकमजली झाला, आपण वहीत लिहितो तसा. ईची आडवी रेघ सरळ टाइपात फळीसारखी बसवलेली वाटते. इटॅलिकमध्ये ती रेघ वळणातच मुरते, हात न उचलता लिहिल्यासारखी. एफ तर सरळ सरळ खालच्या ओळीत शिरतो. सरळ टाइपात तो ओळीवर उभा असतो, इथे शेपूट खाली सोडतो. एनच्या पायांखालचे दोन्ही बाजूंना पसरलेले सेरिफ नाहीसे होतात. जागी येतो तो शिरताना एक छोटा आकडा आणि निघताना एक छोटा झटका. सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाची ती बारीक पायरी. सरळ टाइपात ती अक्षराला उभं राहायला मदत करते, इटॅलिकमध्ये पुढच्या अक्षराकडे जायला.

अँडची खूण सगळ्यात शेवटी बघा, कारण तिथे बराच वेळ जाईल. लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘एत’ म्हणतात. ती खूण मुळात ई आणि टी या दोन अक्षरांची गाठ आहे. सरळ टाइपात ती गाठ ओळखू येत नाही. इटॅलिकमध्ये दोन्ही अक्षरं हातात हात घालून उभी दिसतात.

आता कॅपिटल अक्षरांची एक ओळ लावा. नीट पाहिलंत तर सगळी एकाच कोनात झुकलेली नाहीत. ही चूक नव्हे. जुन्या फ्रेंच इटॅलिकांची चाल अशीच थोडी डुलणारी असते आणि परिच्छेद जिवंत वाटतो तो त्यामुळेच.

म्हणजे ढकललेलं ओळखायची खूण आपोआप मिळाली : ए दुमजलीच राहिला आणि एफ ओळीवरच उभा असेल, तर ते सरळच टाइप आहे, फक्त कलंडलेलं. एक सावधगिरी. ही परीक्षा सेरिफवाल्या पुस्तकी टाइपांची. हेल्व्हेटिकासारख्या बिनसेरिफ टाइपांत खरा, घडवलेला तिरका टाइपही ‘ए’ दुमजलीच ठेवतो, तिथे या परीक्षेने कोणाला नापास करू नका.

पायरी ३ : हे अक्षर आलं कुठून

ही पायरी गाळून थेट वापराकडे गेलात तरी काम अडणार नाही. पण मग नियम पाठ करावे लागतील. ही वाचलीत तर बरेचसे नियम स्वतःच सुचतील.

पंधराव्या शतकात फ्लोरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली नावाचा एक विद्वान होता. जुनी लॅटिन हस्तलिखितं मिळवायची आणि स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची, हा त्याचा नाद. उतरवणं पुष्कळ आणि वेळ थोडा, त्यामुळे अक्षर भराभर, थोडं झुकलेलं, एकमेकांना चिकटत जाणारं झालं. तो १४३७मध्ये वारला, पण त्या वळणाचं लेखन पुढे इटलीतल्या विद्वानांत आणि कचेऱ्यांत रुळलं.

व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मनुशियस याने हे वळण छापात आणायचं ठरवलं. ठसे कोरले बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफोने. १५००मध्ये सेंट कॅथरीनच्या पत्रांच्या पुस्तकात एका चित्रापुरते त्या टाइपातले मोजके शब्द आले. १५०१मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं हातात मावेल असं छोटं पुस्तक संपूर्ण इटॅलिकमध्ये निघालं. जागा वाचावी म्हणून आल्डसने इटॅलिक काढला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती अर्धीच पटते. टाइप अरुंद आहे हे खरं, पण गिऱ्हाईक होतं विद्वानांचं. त्यांच्याच हातच्या वहीसारखं दिसणारं पुस्तक त्यांना देणं हा सौदा त्याहून मोठा होता.

त्या पुस्तकांत कॅपिटल अक्षरं मात्र सरळच होती, आकाराने जरा लहान. झुकलेली कॅपिटलं नंतर आली. आणि मुख्य म्हणजे तिथे इटॅलिक हा सरळ टाइपाचा मदतनीस नव्हता. सबंध पुस्तकच इटॅलिकमध्ये. मजकुरातला एखादाच शब्द इटॅलिक करणं हा वापर पुढच्या दशकांतला.

ग्रिफोला श्रेय मिळालं नाही. तो आल्डसला सोडून गेला आणि सोंचिनो नावाच्या मुद्रकाकडे काम करू लागला. सोंचिनोने १५०३च्या एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत लिहूनच टाकलं की या अक्षरांचा खरा कर्ता ग्रिफो. स्पॅनिश भाषेने त्याची आठवण ठेवली. तिथे अशा अक्षराला ‘लेत्रा ग्रिफा’ असंही म्हणतात. आल्डसची वेगळीच डोकेदुखी : फ्रान्समधल्या ल्योंच्या मुद्रकांनी त्याच्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला काढल्या. त्याने १५०३मध्ये पत्रक काढून नकलांमधल्या छपाईच्या चुका जाहीर केल्या, म्हणजे गिऱ्हाइकाला खोटं पुस्तक ओळखता यावं. नकलाकारांनी त्या यादीवरून चुका दुरुस्त करून घेतल्या, असं सांगतात. फुकटचं मुद्रितशोधन.

आपला इटॅलिक यांच्या पुढच्या पिढीचा, फ्रान्समधला. क्लोद गारामाँ (मृत्यू १५६१) याने पॅरिसमध्ये सरळ अक्षरांचे जे ठसे घडवले, ते अजून पुस्तकांत नांदतात. इटॅलिकमध्ये मात्र त्याच्याहून सरस होता रोबेर ग्रांजों. ल्यों, पॅरिस, अँटवर्प आणि म्हातारपणी रोम, असा तो हिंडत राहिला; रोममध्ये तर त्याने अरबी लिपीचेही ठसे कोरले. १५९२मध्ये फ्रँकफुर्टच्या एगेनोल्फ-बेर्नर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने एक नमुनापत्र छापलं. त्यात सरळ अक्षरं गारामाँची आणि तिरकी ग्रांजोंची, अशी नावांसकट. गेओर्ग डुफ्नर यांनी हेच पत्र समोर ठेवून नवा फॉन्ट केला. ‘ईबी’ म्हणजे एगेनोल्फ-बेर्नर. पुढे ठळक वजनांचं, म्हणजे जाड रेघांच्या रूपांचं, काम ऑक्टाव्हिओ पार्डो यांनी केलं. रॉबर्ट स्लिमबाक यांच्या १९८९च्या अ‍ॅडोबी गॅरामाँडचा इटॅलिकही ग्रांजोंकडूनच आलेला. तेव्हा ज्याला आपण गॅरामाँड इटॅलिक म्हणतो, तो बहुतेक वेळा ग्रांजों असतो. घरातला दुसरा भाऊ राबतो आणि पाटीवर थोरल्याचं नाव.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही एक ठाशीव बाळबोध होती आणि एक धावती मोडी. एक पोथीची, दुसरी दफ्तराची. मोडीचेही खिळे झाले; बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या काळात ते वापरले गेले. पण बाळबोध ओळीत मधलाच एखादा शब्द मोडीत टाकायचा, असा जोडीचा संसार या दोघींचा कधी झाला नाही. ग्रांजोंनेही १५५७मध्ये फ्रेंचांच्या धावत्या हस्ताक्षरावरून ‘सिव्हिलिते’ नावाचा टाइप काढला होता, फ्रान्सचा स्वतःचा इटॅलिक व्हावा म्हणून. तो काही रुजला नाही. इटालियन वळणच टिकलं.

पायरी ४ : अर्धा तास हाताने लिहा

चपट्या टोकाचा मार्कर घ्या, तीन ते पाच मिलिमीटर रुंद. टोकाची धार कागदाच्या ओळीशी साधारण पंचेचाळीस अंशांत धरा आणि हा कोन सुटू देऊ नका. बोरूने देवनागरी गिरवलेली असेल तर पहिली दहा मिनिटं हात अडखळेल, कारण देवनागरीत तिरकी रेघ ज्या दिशेने जाड पडते, त्या दिशेने इथे बारीक पडते. देवनागरीचा बोरू इथे कामाचा नाही, त्याचा काप उलटा असतो.

पहिला एन काढा. उभी रेघ खाली आणा. आता हात न उचलता त्याच रेघेवरून वर चढा, साधारण मध्यावर आलात की उजवीकडे फांदी फोडा, वर जाऊन वळा, खाली या, शेवटी बारीक झटका. इटॅलिकचं सगळं मर्म या फांदीत आहे. सरळ टाइपात कमान खांबाच्या माथ्यावरून निघते. इथे ती खांबाच्या पोटातून निघते, कारण हात उचललेलाच नसतो. एन आला की एम, एच, आर आलेच. उलटा केला की यू. दुसरं घराणं एचं : ए, डी, क्यू एकाच पोटातून निघतात. रोममध्ये १५२२मध्ये लुदोव्हिको आर्रिगी या लेखनिकाने सुलेखनाचं जे छोटं पुस्तक काढलं, त्यात शिकवण्याची पद्धत हीच आहे, मोजक्या मूळ फटकाऱ्यांवरून सगळी अक्षरं.

मग ‘मिनिमम’ हा इंग्रजी शब्द सलग लिहा. सगळ्या उभ्या रेघा. त्यांच्यातलं अंतर सारखं पडलं तर पाठ थोपटून घ्या. बहुतेकांचं पडत नाही. झुकाव मुद्दाम आणू नका. पाच-दहा अंश तो आपसूक येतो. हे करून पडद्यावरच्या फॉन्टकडे परत या. एफ खाली का उतरतो, ते आता सांगावं लागणार नाही.

पायरी ५ : कुठे वापरायचा

इंग्रजी किंवा रोमन लिपीतल्या मजकुरात इटॅलिकची ठरलेली कामं आहेत. पुस्तकांची, नियतकालिकांची, चित्रपटांची, जहाजांची नावं इटॅलिक. पुस्तकातली एक कथा, अंकातला एक लेख, एक कविता यांना अवतरणचिन्हं. गणितात चलराशी इटॅलिक आणि एकक सरळ : वस्तुमान दाखवणारा एम झुकतो, मीटर दाखवणारा एम उभा राहतो. हा फरक पाळला नाही तर विद्यार्थी खरोखर गोंधळतात. हस्तलिखितात शब्दाखाली एक रेघ ओढली की छापखान्याला ती ‘इटॅलिक करा’ अशी सूचना असते. टाइपरायटरच्या काळात पुस्तकांची नावं अधोरेखित व्हायची ती त्यामुळे. आता हाताशी इटॅलिक असताना तिथे रेघ मारायची गरज नाही, आणि दोन्ही एकदम तर नकोच.

शास्त्रीय नावाचं एक उदाहरण जवळून बघू, कारण निसर्ग-माहितीपत्रकं मराठी डीटीपीवाल्यांकडे फार येतात. शेकरू, आपला राज्यप्राणी. त्याचं नाव रातुफा इंडिका. रोमन लिपीत लावताना रातुफाचा आर कॅपिटल, इंडिकाचा आय लहानच, कितीही हात शिवशिवला तरी. दोन्ही शब्द इटॅलिक. त्यापुढे कंसात अर्क्सलेबेन, स्वल्पविराम, १७७७ असं असेल, तर कंस, आडनाव आणि साल, सगळं सरळ. कंस काढून टाकू नका. आधी ही जात दुसऱ्या प्रजातीत घातली होती आणि मग हलवली, असा त्या कंसाचा अर्थ आहे. नुसतं प्रजातीचं नाव देऊन पुढे ‘एसपी’ आणि टिंब लिहितात, ते एसपीही सरळ. सबंध ओळ निवडून आय दाबणारे लोक नेमके इथे सापडतात.

परभाषेतले शब्द इटॅलिक करायची जुनी रीत आहे, आणि मराठी माणूस इंग्रजीत लिहायला लागला की पहिला वाद इथेच. ठेचा, ओसरी, आत्या हे शब्द इंग्रजी कथेत झुकवायचे का? माझं मत : वाचणारा आपलाच असेल तर नाही. आपल्या आत्याला आपणच पाहुणी करून तिरकं उभं करायचं, यात मला काही शोभा दिसत नाही. बऱ्याच भारतीय लेखकांनी हे झुकवणं सोडलंही आहे. शब्दकोशाचं, प्रबंधाचं काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इटॅलिक म्हणजे ‘हा शब्द नमुना म्हणून दिला आहे’ एवढीच खूण असते.

जोर देण्यासाठी वापराल तेव्हा एक शब्द, फार तर दोन. आणि आधीच इटॅलिक असलेल्या वाक्यात जोर द्यायचा असेल किंवा पुस्तकाचं नाव आलं असेल, तर तो शब्द उलट सरळ करायचा.

कविता, छोटी प्रस्तावना, चित्राखालची ओळ, नाटकातल्या रंगसूचना यांना सबंध इटॅलिक शोभतो. चार पानांचा मजकूर मात्र नको. आल्डसचा वाचक त्यात मुरलेला होता, आपला नाही. मोबाइलवर बारीक आकारात नको. वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठीचं साहित्य असेल तर अजिबात नको. त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत इटॅलिक टाळायलाच सांगितलेलं असतं.

लग्नपत्रिका हा वेगळाच मामला. ईबी गॅरामाँड इटॅलिकमध्ये काही कॅपिटल अक्षरांची पल्लेदार, शेपट्या सोडलेली रूपं आहेत; इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ओपनटाइपच्या यादीत ‘स्वॉश’ म्हणून सापडतात. गोव्यात रोमी लिपीतल्या पत्रिका करणाऱ्यांना ही चैन परवडते. नियम एकच : नावाच्या पहिल्या अक्षराला शेपटी द्या. सबंध नाव शेपटीवाल्या कॅपिटलांत लावलंत तर जावई कोण आणि व्याही कोण, वाचता येणार नाही.

पायरी ६ : सांधे

धातूचा खिळा चौकोनी आणि त्यावरचं अक्षर तिरकं, हे जुन्या जुळाऱ्यांचं दुखणं. इटॅलिक एफचं डोकं खिळ्याच्या बाहेर लोंबायचं, शेजारच्या आयच्या टिंबावर आपटायचं आणि तुटायचं. म्हणून एफ-आय, एफ-एफ असे जोडखिळे एकत्र ओतले जायचे. आता धातू गेला, पण जोडरूपं फॉन्टमध्ये आहेत. ती चालू ठेवा.

एक दुखणं मात्र राहिलंच. इटॅलिक शब्द संपून लगेच सरळ कंस, प्रश्नचिन्ह किंवा अवतरण आलं की वर टक्कर होते. शेवटी एफ, डी किंवा एल असेल तर हमखास. फॉन्टच्या आतल्या अंतरांच्या जोड्या त्या एका फाइलपुरत्याच असतात. शब्द एका फाइलमधला आणि कंस दुसरीतला, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर कोणीच ठरवलेलं नसतं. मध्ये केसाएवढी जागा हाताने द्या. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘हेअर स्पेस’ आहे. उलट, इटॅलिक शब्दाच्या आधी कधी कधी भोक पडल्यासारखं दिसतं, तिथे जागा किंचित कमी करा. स्वल्पविराम कुठल्या टाइपातला, यावर पूर्वी भांडणं व्हायची. एक काहीतरी ठरवा आणि पुस्तकभर तेच ठेवा.

मराठी नावं रोमन लिपीत चिन्हांसह लावायची असतील, खाली टिंब असलेले टी, डी, एन, एल आणि डोक्यावर आडवी रेघ घेतलेला ए, तर ही सगळी अक्षरं आधी इटॅलिकमध्ये टाइप करून बघा. फॉन्टमध्ये एखादं नसेल तर संगणक ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो, आणि ‘धुळे’मधला एकच एल वेगळ्या घरचा दिसतो.

पायरी ७ : देवनागरीच्या शेजारी

देवनागरीला परंपरेने इटॅलिक नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल घ्या : आय दाबल्यावर जे दिसतं ते ढकललेलंच. शिरोरेषा आडवी ती आडवीच राहते, खालचे दंड कलंडतात, वेलांटी आणि रफार दोघंही आपली जागा सोडल्यासारखे दिसतात. मराठी पुस्तकांनी जोर द्यायला अवतरणचिन्हं आणि ठळक टाइप वापरला, तो काही अडाणीपणाने नव्हे. तेच करा. पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात पुरे.

जुळलेली जोडीच हवी असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. तोही गूगल फॉन्ट्सवर आहे, ल आणि श मराठी वळणाचे आहेत आणि सोबत इटॅलिकची खरी फाइलही आहे. त्यातली देवनागरी झुकलेली बघायची डोळ्यांना सवय नाही, त्यामुळे मी अजून चित्राखालच्या ओळींपलीकडे तिला नेलेलं नाही.

मराठी ओळीत मध्येच गॅरामाँड इटॅलिक शब्द येत असेल तर आकाराची पंचाईत होते. गॅरामाँडची लहान अक्षरं मुळातच बुटकी असतात. दोन्ही बारा पॉइंटात ठेवली तर देवनागरीशेजारी इंग्रजी शब्द चुकून बारीक झाल्यासारखा वाटतो. इंग्रजीचा आकार अर्ध्या अर्ध्या पॉइंटाने वाढवत जा आणि कॅपिटल अक्षर मात्रेच्या वर डोकं काढायला लागलं की थांबा. मग तो आकार कॅरेक्टर स्टाइलमध्ये (अक्षरांचं रूप एकदा ठरवून साठवायची सोय) कोंडा, ‘शास्त्रीय नाव’ असं नाव द्या आणि सगळीकडे तीच स्टाइल लावा. हाताने एकेक शब्द निवडत बसलात तर सत्तेचाळिसावा शब्द सुटणारच.

प्रूफ पडद्यावर बघू नका. ज्या कागदावर छापणार त्यावर, पूर्ण आकारात, एक पान काढा. ग्रांजोंच्या बारीक रेघा गुळगुळीत कागदावर सुरेख उमटतात, वर्तमानपत्री कागदावर तुटतात. तिथे एक वजन वर जा, रेग्युलरऐवजी मीडियम इटॅलिक घ्या. पान हातात आलं की मजकूर वाचायच्या आधी लाल पेनाने सगळे एफ शोधा. शेपूट ओळीखाली गेली नसेल, तर जिथून फाइल पाठवली त्या संगणकावर दुसरी फाइल चढवायची राहिली आहे.